घरातला भ्रष्टाचार आणि लष्करी युती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाचखोर मंत्री ही ज्या-त्या देशाची घरगुती भानगड मानली जाते. पण तो देश एखाद्या लष्करी युतीत असेल, तर त्या भानगडीची झळ इतरांनाही बसते. ती नेमकी कुठे आणि कशी, याबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची ही उत्तरं. बहुतेक उदाहरणं नाटोची, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीची आहेत. नाटोत भ्रष्टाचार जास्त आहे म्हणून नव्हे, तर तिथले खटले, चौकशी अहवाल आणि हिशेब बऱ्यापैकी उघड असतात म्हणून.

एका देशातला भ्रष्टाचार साऱ्या युतीचा प्रश्न कसा होतो?

युतीची संरक्षण योजना म्हणजे शेवटी आश्वासनांची बेरीज. एक देश चिलखती ब्रिगेड देणार, दुसरा हवाई संरक्षण, तिसरा बंदरं आणि रेल्वे. नाटोत दर चार वर्षांच्या नियोजनचक्रात हे वाटप ठरतं. त्यासाठीची माहिती मुख्यतः सदस्य देशांनीच दिलेली असते. त्यातल्या एका ब्रिगेडचे निम्मे रणगाडे सुट्या भागांविना गोदामात पडून असतील आणि सुट्या भागांचे पैसे कुणाच्या तरी खिशात गेले असतील, तर भगदाड त्या देशाच्या नव्हे, सगळ्यांच्या योजनेत पडतं. शांततेच्या काळात हे खपून जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची. युद्धात मात्र मूठ उघडावी लागते.

दुसरा परिणाम विश्वासावर होतो, आणि माझ्या मते तोच मोठा. रणगाडे नवे घेता येतात. पण ‘यांना सांगितलेलं फुटतं’ किंवा ‘यांचे आकडे खरे नसतात’ असं एकदा मित्रदेशांच्या मनात बसलं, की ते काढायला वर्षानुवर्षं लागतात.

नाटो सदस्यांचे हिशेब तपासत नाही का?

फक्त सामायिक पैशाचे. नाटोचं स्वतःचं लेखापरीक्षक मंडळ आहे. ते मुख्यालयं, सामायिक यंत्रणा आणि संस्था यांचे हिशेब पाहतं. पण हा सामायिक निधी सदस्यांच्या एकूण संरक्षण खर्चाच्या जेमतेम ०.३ टक्के आहे. उरलेला सगळा खर्च ज्याच्या त्याच्या राजधानीत होतो. तिथल्या निविदा, दलाल आणि दर यांच्यात डोकावण्याचा अधिकार ब्रसेल्सला, म्हणजे नाटोच्या मुख्यालयाला नाही.

‘कागदावरचे सैनिक’ म्हणजे काय?

हजेरीपटावर नाव आहे, पगार निघतो, शिधा आणि दारूगोळाही मंजूर होतो. माणूस मात्र नाही. तो एक तर कधी भरतीच झालेला नसतो, किंवा पळून गेलेला असतो, किंवा मेलेला असतो आणि मृत्यूची नोंद केलेली नसते. पगार वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. कधी माणूस खराच असतो, पण अर्धा पगार साहेबाला देऊन घरी राहतो.

इराकमध्ये जून २०१४ मध्ये मोसूल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती गेलं. हल्लेखोर संख्येनं कितीतरी कमी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं, की पडताळणीत असे ५०,००० कागदी सैनिक सापडले आहेत.

अफगाणिस्तानात हे जास्त खोलवर गेलेलं होतं. तो देश नाटोचा सदस्य नव्हता, पण २०१२ मध्ये अमेरिकेनं त्याला ‘नाटोबाहेरचा प्रमुख मित्रदेश’ असा दर्जा दिला होता आणि त्याचं सैन्य उभं करण्याचं काम नाटोच्या मोहिमेकडे होतं. कागदावर सैन्य आणि पोलीस मिळून ३ लाखांच्या घरात. अफगाणिस्तानातल्या मदतीच्या खर्चावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या विशेष महानिरीक्षकांचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत होते, की हा आकडा भरवशाचा नाही, इंधन चोरीला जातं, हजेरी खोटी आहे. बोटांचे ठसे घेऊन पगार देण्याची पद्धत आणली गेली, तीही पुरी बसली नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती पडलं. काही महिन्यांनी माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी बीबीसीला सांगितलं, की त्या ३ लाखांतले बहुतेक अस्तित्वातच नव्हते.

काबूल केवळ भ्रष्टाचारामुळे पडलं असं म्हणणं चूक ठरेल. अमेरिका आणि तालिबान यांच्यातला माघारीचा दोहा करार, अमेरिकी हवाई मदत आणि देखभालीचे कंत्राटदार निघून जाणं, हीही मोठी कारणं आहेत. पण चौकीवर महिनोन्‌महिने पगार, शिधा आणि काडतुसं पोहोचली नसतील, तर तिथला शिपाई कोणासाठी लढणार होता? शिवाय नाटोचे नियोजक इतकी वर्षं ज्या आकड्यावर माघारीचं गणित मांडत होते, तो आकडाच हजेरीपटावरच्या भुतांचा होता.

शस्त्रखरेदीत लाच दिली तरी शस्त्र येतंच ना? मग युतीचं काय बिघडतं?

शस्त्र येतं, पण कोणतं, किती, कधी आणि कशाच्या बदल्यात, हे लाच ठरवते.

ग्रीसचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत ग्रीसचा संरक्षण खर्च नाटोत नेहमीच वरच्या रांगेत राहिला आहे. आकडा पाहिला तर आदर्श सदस्य. अकिस त्सोखात्झोपुलोस १९९६ ते २००१ या काळात तिथे संरक्षणमंत्री होते. पक्षाचं नेतृत्व आणि पंतप्रधानपद थोडक्यात हुकलेला माणूस. २०१३ मध्ये त्यांना २० वर्षांची शिक्षा झाली. शस्त्रखरेदीतल्या लाचेचा पैसा परदेशी कंपन्या आणि नातलगांमार्फत फिरवून पांढरा केल्याचं सिद्ध झालं. त्यात जर्मन पाणबुड्यांचा सौदाही होता. ‘पापानिकोलिस’ ही त्यातली पहिली पाणबुडी समुद्रात फार कलते अशा तक्रारी करत ग्रीसनं २००६ पासून ती ताब्यात घ्यायला नकार दिला आणि २०१० मध्ये, देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना, स्वीकारली.

यात लाच घेणारा अथेन्सचा होता आणि देणारा जर्मनीचा. म्हणजे दोघेही एकाच युतीतले. २०११ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं पाणबुड्यांच्या सौद्यातल्या फेरोस्टाल या जर्मन कंपनीला ग्रीस आणि पोर्तुगालमधल्या लाचप्रकरणी सुमारे १४ कोटी युरोंचा दंड केला. एक माहिती सहसा कोणी सांगत नाही: १९९९ पर्यंत जर्मनीत परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच ‘धंद्याचा खर्च’ म्हणून करातून वजा करता येत असे. युरोपातल्या इतर काही श्रीमंत देशांतही अशीच सोय होती.

घोटाळ्याची एक खास जागा म्हणजे ऑफसेट. विकणारी कंपनी सौद्याच्या बदल्यात खरेदीदार देशात कारखाना, काम किंवा तंत्रज्ञान आणण्याचं वचन देते. पाणबुडीची किंमत मोजता येते. पण ‘अमुक इतक्या कोटींचा औद्योगिक लाभ’ मोजायचा कसा? मोजमाप ढिलं असतं तिथे दलाल जमतात.

युतीचं थेट नुकसान असं, की टक्केवारी मोठ्या, झगमगीत खरेदीत मिळते. तोफगोळ्यांचा साठा, सुटे भाग, रुग्णवाहिका, दुरुस्तीची गोदामं यांत मलिदा कमी. मग विमानं दिसतात आणि त्यांना लागणारे सुटे भाग दिसत नाहीत. टक्केवारी देणारा पुरवठादार निवडला गेला, तर शेजारच्या मित्रदेशाशी जुळणारी यंत्रणा घ्यायची की नाही, हा विचारही मागे पडतो.

हा रोग नव्या आणि गरीब सदस्यांचाच आहे का?

नाही. नाटोच्या संपूर्ण इतिहासात लाचप्रकरणात पद गमावलेले सरचिटणीस एकच, आणि ते होते बेल्जियमचे. विली क्लास १९८८ मध्ये बेल्जियमचे अर्थव्यवहार मंत्री असताना लष्करासाठी इटलीच्या अगुस्ता कंपनीची ४६ हेलिकॉप्टरं घ्यायचं ठरलं आणि कंपनीचा पैसा समाजवादी पक्षाच्या तिजोरीत गेला. हे बाहेर आलं तोवर क्लास नाटोच्या सर्वोच्च खुर्चीवर बसले होते. बॉस्नियात नाटोचे हवाई हल्ले होऊन जेमतेम महिना उलटला होता आणि नाटोचा प्रमुख आपल्या देशाच्या संसदेपुढे बचाव करत होता. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९९८ मध्ये दोषी ठरले.

त्याआधी १९७६ मध्ये लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीचं प्रकरण झालं. नेदरलँड्सच्या राणीचे पती प्रिन्स बर्नहार्ड हे सैन्यदलांचे महानिरीक्षक होते. लॉकहीडकडून ११ लाख डॉलर घेतल्याच्या प्रकरणात त्यांना लष्करी पदं आणि गणवेश सोडावा लागला. मृत्यूनंतर छापून आलेल्या मुलाखतीत त्यांनी पैसे घेतल्याचं मान्य केलं. या प्रकरणातूनच १९७७ चा अमेरिकी कायदा आला, ज्यानं अमेरिकी कंपन्यांना परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी याच कायद्याची अंमलबजावणी काही काळ थांबवण्याचा आदेश काढला, हे जाता जाता.

खुद्द अमेरिकी आरमाराचं सांगायचं तर ‘फॅट लेनर्ड’ प्रकरण पुरेसं आहे. लेनर्ड फ्रान्सिस हा आशियातल्या बंदरांवर सातव्या आरमाराच्या जहाजांना सेवा पुरवणारा ठेकेदार. मेजवान्या, पैसा आणि स्त्रिया यांच्या बदल्यात अधिकाऱ्यांनी त्याला जहाजांची गोपनीय वेळापत्रकं दिली आणि जहाजं त्याला सोयीच्या बंदरांकडे वळवली. सरकारला किमान साडेतीन कोटी डॉलरचा चुना लागला. २०२४ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. पैशापेक्षा गंभीर गोष्ट वेळापत्रकांची आहे. जी माहिती एका ठेकेदाराला जेवणावळीत मिळते, ती त्याच भावात दुसऱ्या कोणालाही मिळू शकते.

युतीत घेताना भ्रष्टाचार पाहतात का?

पाहतात. नाटोच्या १९४९ च्या स्थापना कराराच्या प्रस्तावनेतच कायद्याच्या राज्याचा उल्लेख आहे. १९९५ मध्ये विस्ताराचे निकष लिहून काढले गेले आणि १९९९ पासून इच्छुक देशांसाठी सदस्यत्वाचा कृती आराखडा आहे. त्यात संरक्षण खात्यावर मुलकी नियंत्रण, खर्चातला खुलेपणा, भ्रष्टाचारविरोधी पावलं यांची दरवर्षी छाननी होते. पूर्व युरोपातल्या अनेक देशांनी खरेदीचे कायदे सुधारले ते बऱ्याच अंशी याच दडपणाखाली.

पण परीक्षा होईपर्यंतच अभ्यास, हेही खरं. क्रोएशियाला १ एप्रिल २००९ रोजी प्रवेश मिळाला. ज्यांच्या कारकिर्दीत तो मिळाला ते पंतप्रधान इवो सानादेर तीन महिन्यांत अचानक पायउतार झाले आणि पुढे लाचप्रकरणी तुरुंगात गेले. क्रोएशियानं आपल्या माजी पंतप्रधानाला स्वतः शिक्षा केली, हे त्या देशाच्या बाजूनं सांगायला हवं.

शिवाय भूगोल निकषांवर मात करतो. १९४९ च्या संस्थापकांत सालाझारची हुकूमशाही असलेला पोर्तुगाल होता, कारण अटलांटिकच्या मधोमध असलेली अझोरेस बेटं सर्वांना हवी होती.

आत आल्यावर देश बिघडला, तर हाकलता येतं?

नाही. नाटोच्या करारात हकालपट्टीचं कलमच नाही. कलम १३ नुसार सदस्य स्वतःहून एक वर्षाची सूचना देऊन बाहेर पडू शकतो, एवढंच.

मग भ्रष्ट सदस्याला काहीच शिक्षा होत नाही?

होते, पण ती जाहीर होत नाही. निवेदनात ‘मौल्यवान मित्र’ हेच शब्द राहतात. खुर्ची राहते, झेंडा राहतो, सामूहिक छायाचित्रात जागाही राहते. बदलतं ते एवढंच, की गुप्त माहितीचा जाड अहवाल जातो तिथे पातळ सारांश जाऊ लागतो. महत्त्वाचं मुख्यालय किंवा साठागोदाम शेजारच्या देशात उभं राहतं. संयुक्त विकास प्रकल्पात बोलावणं येत नाही. खरी चर्चा बैठकीआधी चार-पाच देशांत होऊन जाते.

हे सिद्ध करणं अवघड, कारण अशा निर्णयांची कारणं कुणी लिहून ठेवत नाही. पण पद्धत कशी असते ते एका वेगळ्या प्रकरणात उघड दिसलं. तुर्कस्ताननं रशियाची एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली, तेव्हा जुलै २०१९ मध्ये अमेरिकेनं त्याला एफ-३५ विमानांच्या कार्यक्रमातून काढलं. तो वाद भ्रष्टाचाराचा नव्हता. पण सदस्यत्वाला धक्का न लावता एखाद्या देशाला पंगतीत बसवून ताट कसं काढून घेता येतं, हे त्यातून कळतं.

लाचखोरी आणि हेरगिरी यांचा संबंध किती?

जवळचा. पैसे घेणारा अधिकारी दबावाखाली आणता येतो आणि गुप्तहेर खाती अशीच माणसं शोधत असतात.

एस्टोनियाचा हर्मन सिम हा संरक्षण मंत्रालयात गोपनीय कागदपत्रांच्या सुरक्षेचा प्रमुख होता. म्हणजे कुंपणच शेत खात होतं. पैशाच्या मोबदल्यात त्यानं वर्षानुवर्षं रशियाला नाटोची गुपितं पुरवली. सप्टेंबर २००८ मध्ये तो पकडला गेला, पुढच्या फेब्रुवारीत साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या बदनामीनंतर एस्टोनियाला कोपऱ्यात बसवायला हवं होतं. तसं झालं नाही. त्याच २००८ मध्ये तालिनमध्ये सुरू झालेलं नाटोचं सायबर संरक्षण केंद्र तिथेच वाढलं. माझ्या मते कारण सरळ आहे: एस्टोनियानं आपला माणूस स्वतः पकडला, खटला चालवला आणि काय फुटलं ते मित्रांपासून दडवलं नाही.

एकमतानं निर्णय घेण्याच्या पद्धतीत भ्रष्टाचाराचा धोका वाढतो का?

वाढतो. ३२ पैकी एका देशानं हात वर केला नाही, तर निर्णय अडतो. स्वीडननं मे २०२२ मध्ये अर्ज केला, प्रवेश मिळाला ७ मार्च २०२४ रोजी. तुर्कस्तान आणि हंगेरी यांच्या मंजुरीसाठी थांबावं लागलं. त्या दोघांची कारणं राजकीय होती, त्यात लाच होती असं म्हणायला आधार नाही. पण बाहेरच्या शक्तीच्या दृष्टीनं पाहा: ३२ देशांना पटवण्यापेक्षा एका राजधानीतला एक अडचणीतला नेता हाताशी धरणं केव्हाही स्वस्त.

आणि हा नेता छोट्याच देशाचा असेल असं नाही. अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष बॉब मेनेंडेझ शस्त्रविक्री अडवू किंवा सोडवू शकत होते. सोन्याच्या विटा आणि रोकड घेऊन इजिप्तला अनुकूल कामं केल्याबद्दल ते २०२४ मध्ये दोषी ठरले. शिक्षा ११ वर्षं.

युक्रेनमध्ये एवढे घोटाळे निघतात, मग तो नाटोला चालेल का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

घोटाळे खरे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये पत्रकारांनी उघड केलं, की सैन्यासाठी अंडी १७ रिव्हनियांना (युक्रेनचं चलन) एक अशी घेतली जात आहेत, तर दुकानात ती ७ च्या आसपास होती. उपमंत्र्यांनी राजीनामा दिला; सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझनिकोव्ह बदलले गेले, त्यांच्यावर स्वतः आरोप नसतानाही. मधल्या ऑगस्टमध्ये झेलेन्स्की यांनी सर्व प्रांतांतल्या लष्करभरती प्रमुखांना एका फटक्यात काढलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये १ लाख तोफगोळ्यांसाठी दिलेले सुमारे ४ कोटी डॉलर अडकल्याचं बाहेर आलं. गोळे आलेच नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अणुऊर्जा कंपनीतल्या कथित टक्केवारीची चौकशी थेट अध्यक्षांच्या कार्यालयापर्यंत गेली आणि कार्यालयप्रमुख आंद्री येरमाक यांना जावं लागलं.

पण हे सगळं बाहेर काढलं कोणी? बहुतेक वेळा युक्रेनच्याच पत्रकारांनी, तपास यंत्रणांनी आणि २०१५ मध्ये उभ्या केलेल्या भ्रष्टाचारविरोधी ब्युरोनं. तेही क्षेपणास्त्रं पडत असताना. जुलै २०२५ मध्ये या ब्युरोचं स्वातंत्र्य काढून घेणारा कायदा झाला, तेव्हा युद्धकाळातही लोक रस्त्यावर उतरले आणि युरोपनं डोळे वटारले. नऊ दिवसांत कायदा फिरवावा लागला. ज्या देशात घोटाळ्याची एकही बातमी येत नाही, तिथे घोटाळा नसतो असं नाही. कधी कधी फक्त बातमीदार नसतो.

सदस्यत्वाचं मुख्य अडसर मात्र भ्रष्टाचार नाही, युद्ध आहे. २०२३ च्या व्हिल्नियस परिषदेत ‘सदस्य सहमत झाल्यावर आणि अटी पूर्ण झाल्यावर’ असं म्हटलं गेलं. ज्यांना मुळात युक्रेन नको आहे, त्यांना भ्रष्टाचार हे सभ्य कारण मिळतं. ते खरं कारण आहे की सबब, हे प्रत्येक राजधानीगणिक वेगळं.

भ्रष्टाचार निर्देशांक पाहून सदस्याची किंमत ठरवता येते का?

फारशी नाही. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेच्या २०२४ च्या यादीत (१०० पैकी गुण; जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) डेन्मार्क ९० गुणांनी पहिला, हंगेरी ४१, युक्रेन ३५ आणि तुर्कस्तान ३४. म्हणजे दाराबाहेर थांबलेला उमेदवार एका जुन्या सदस्यापेक्षा एका गुणानं वर. हा निर्देशांक सरकारी कारभाराबद्दलची जाणकारांची धारणा मोजतो, गोदामातले तोफगोळे नव्हे. संरक्षण खात्यासाठी त्याच संस्थेच्या ब्रिटिश शाखेचा वेगळा निर्देशांक आहे. लष्करी प्रश्नासाठी तो जास्त उपयोगी.

समोरच्या बाजूला, म्हणजे रशियात, परिस्थिती काय?

तिथेही हाच रोग आहे. उपसंरक्षणमंत्री तिमुर इवानोव्ह एप्रिल २०२४ मध्ये अटकेत, जुलै २०२५ मध्ये पैशांच्या अपहाराबद्दल १३ वर्षांची शिक्षा. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनी सैन्य रशियाच्या सीमेवरच्या कुर्स्क प्रांतात घुसलं. पुढच्या वर्षी तिथल्या माजी गव्हर्नरना सीमेवरच्या तटबंदीचे पैसे खाल्ल्याच्या आरोपाखाली अटक झाली.

संरक्षण खर्च वाढतोय, त्याबरोबर भ्रष्टाचारही वाढेल?

धोका नक्कीच वाढेल. जून २०२५ मध्ये हेगच्या परिषदेत सदस्यांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्क्यांचं लक्ष्य स्वीकारलं: ३.५ टक्के थेट संरक्षणावर आणि १.५ टक्के रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा संबंधित गोष्टींवर. घोडं पेंड खातं ते या दीड टक्क्यात. इटलीत सिसिलीला जोडणारा मेसिनाचा प्रचंड पूल संरक्षण खर्चात दाखवता येईल का, अशी चर्चा त्याच वर्षी झाली. यात बेकायदा काही नाही, पण ‘संरक्षण’ या शब्दाची व्याख्या सैल झाली की ठेकेदारांची गर्दी वाढते. त्यात घाई: खर्च लवकर करायचा म्हणून निविदेऐवजी थेट खरेदी, आणि गुप्ततेचा शिक्का मारला की लेखापरीक्षकही बाहेर.

नाटोनं २००७ पासून संरक्षण खात्यांत सचोटी वाढवण्याचा कार्यक्रम चालवला आहे. प्रशिक्षण आहे, प्रश्नावल्या आहेत, तज्ज्ञांच्या भेटी आहेत. सहभाग ऐच्छिक. मे २०२५ मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही जणांना ताब्यात घेतलं. संशय असा, की तोफगोळे आणि ड्रोनच्या कंत्राटांची आतली माहिती पुरवठादारांना दिली जात होती. ज्या संस्थेतून ती गेली असा संशय आहे, ती लक्झेंबर्गमधली नाटोचीच खरेदी संस्था. तपासाची पहिली खबर याच संस्थेच्या अंतर्गत चौकशीतून मिळाली, असं तिनं सांगितलं.